मियाटा ट्रॅकवर तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी काढून ठेवलेल्या सामानाकडे बघा

लक्षणं बहुतेक सगळ्यांची सारखीच. ऑफिसला न्या, हायवेवर न्या, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकवा, गाडीची काही तक्रार नाही. ट्रॅकवर गेलं की पहिल्या दोन लॅप ठीक जातात, तिसऱ्या लॅपला तापमानाची सुई मधली रेघ ओलांडते आणि पाच-सहा लॅपनंतर वीस मिनिटांचं सेशन अर्ध्यावर टाकून पिटमध्ये यावं लागतं. बॉनेट उघडावं तर ओव्हरफ्लोची बाटली काठोकाठ भरलेली आणि आत बुडबुडे. अर्ध्या तासात गाडी थंड होते, पुढच्या सेशनला पुन्हा तोच खेळ. मग पॅडॉकमधलं (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेतलं) कोणीतरी शेजारी येऊन सांगतं, "अरे, मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाक, प्रश्न मिटला." तो टाकला जातो, खिसा हलका होतो आणि सुई एखादी लॅप उशिरा का होईना, तिथेच जाऊन बसते.

मी बोलतोय ते पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ बद्दल. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसलेली, जपानात युनोस रोडस्टर आणि इथे अमेरिकेत मियाटा नावाने विकली गेलेली, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची ती छोटी गाडी. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, कोरी असताना वजन साधारण ९५० ते ९८० किलो. ट्रॅकसाठी हलकी गाडी बनवायची तर याहून स्वस्त आणि सोपी सुरुवात सापडणं कठीण. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींच्याही बऱ्याच गॅरेजांत ती अर्धवट उघडलेल्या अवस्थेत दिसते. पुढे १९९४ मॉडेलपासून १.८ चं इंजिन आलं. या लेखातलं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या गाडीचा मूळ रेडिएटर टर्बो नसलेल्या इंजिनाला सहसा पुरतो. तो पुरेनासा होतो, कारण गाडी हलकी करताना आपण ज्या वस्तू फालतू समजून काढतो त्यातल्या तीन-चार गाडी थंड ठेवण्याच्या कामाच्या असतात. तेव्हा आधी काय काय काढलंय ते कागदावर लिहून काढा. एसी, हीटर, खालचा प्लास्टिकचा ट्रे, रेडिएटरच्या कडेचा फोम, बंपरच्या आतले प्लास्टिकचे तुकडे. ही यादी पुढे लागेल.

नेमकी कधी तापते?

"गाडी तापते" एवढ्यावरून काही कळत नाही. कधी तापते यावरून निम्मं निदान होतं.

उभी असताना किंवा पिटमध्ये रांगेत तापते आणि धावायला लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. १.६ मध्ये पंख्याचा स्विच थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर असतो. तपासायला सोपं: इग्निशन चालू करून बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधल्या टीएफए आणि ग्राउंड या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि रिले ठीक, दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरचा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. एसी काढताना त्याचा पंखाही बरेच जण काढतात. त्यालाही हरकत नाही, पण त्या बाजूला उघडं राहिलेलं भोक बुजवा, नाहीतर उरलेला पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून त्या भोकातून ओढत बसतो.

गावात ठीक आणि वेगात तापते, तर पंख्याला दोष देऊ नका. साठच्या वर गाडी गेली की पंखा असला काय न् नसला काय. इथे प्रश्न हवेच्या वाटेचा, नाहीतर पाण्याच्या वाटेचा. हा लेख मुख्यतः यावरच आहे.

फक्त वरच्या आरपीएमवर तापते, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये ताणून धरली की चढते आणि चौथ्यात टाकली की थांबते, तर आधी पट्टा बघा. पाण्याचा पंप अल्टरनेटरच्या पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल असेल तर ६००० च्या पुढे सरकतो. त्यासोबत व्होल्टेजही डळमळतं, तीच खूण. पॉवर स्टिअरिंग आणि एसी काढताना ब्रॅकेट हलवलेली असतात, त्यानंतर पट्ट्याचा ताण परत कोणी मोजलेला नसतो. याच लक्षणाचं दुसरं कारण खालची नळी. ती पंपाच्या ओढीच्या बाजूला असते. जुनी, मऊ पडलेली नळी वरच्या आरपीएमला चपटी होते. गाडी गरम असताना एकाला ॲक्सिलरेटर दाबायला बसवा आणि दुसऱ्याने नळीकडे बघा. आत ओढली जाताना डोळ्यांना दिसते.

सुई एकदम उडते, खाली येते, परत उडते, तर आत हवा आहे किंवा पाणी कमी आहे. आणि एक धोक्याची गोष्ट: खूप तापलेली असताना सुई अचानक *थंडीकडे* आली तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नाही, त्याला नुसती वाफ लागते आहे. तिथल्या तिथे इंजिन बंद करून बाजूला घ्या.

आकडा हवा, सुई नको

डॅशबोर्डवरची सुई ग्राहकाचं मन शांत ठेवण्यासाठी असते. मधल्या मोठ्या पट्ट्यात ती जवळजवळ हलत नाही आणि हलायला लागते तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा आकडा दाखवणारा गेज लावा. १९९६-९७ च्या अमेरिकन गाड्यांना ओबीडी-२ (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचं सॉकेट) आहे, तिथे स्वस्त रीडर आणि फोन पुरतो. त्याआधीच्या गाड्यांना वेगळा सेन्सर लागतो. बरेच जण तो वरच्या नळीत तुकडा घालून बसवतात, कारण ते सोपं असतं. शक्य असेल तर हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला बसवा. का, ते पुढे येईल.

इकडचे गेज फॅरनहाइटमध्ये बोलतात, म्हणून हिशोब लक्षात ठेवा: २१० म्हणजे ९९ सेल्सिअस, २२० म्हणजे १०४, २३० म्हणजे ११०. मूळचा थर्मोस्टॅट साधारण ८८ सेल्सिअसला उघडायला लागतो. ट्रॅकवर ९५ ते १०० ला स्थिर राहणारी गाडी निरोगी. १०५ ला माझा पाय हलका होतो, ११० ला मी आत येतो.

आता एक गोष्ट जी फार थोडे लोक करतात आणि जिने अर्धे वाद मिटतात. प्रत्येक सेशनला पाण्याच्या तापमानासोबत बाहेरच्या हवेचं तापमानही लिहा आणि दोघांतला फरक काढा. थर्मोस्टॅट एकदा पूर्ण उघडला की रेडिएटर पाण्याला हवेपेक्षा ठरावीक अंश वर धरून ठेवतो. तुमची ताकद आणि वेग तेच असतील तर हा फरक जवळपास तोच राहतो. समजा तुमच्या गाडीचा फरक ७२ अंश आहे. लगुना सेका या ट्रॅकवर सकाळी समुद्रावरून धुकं आलेलं असतं, हवा १८ अंश, पाणी ९० वर. तुम्ही खूष. तीच गाडी, तोच ड्रायव्हर जुलैमध्ये थंडरहिलला गेला. विलोज गावाजवळचा हा ट्रॅक सॅक्रामेंटो खोऱ्यात आहे आणि तिथे उन्हाळ्यात दुपारी ४० अंश ही नवलाई नाही. पाणी गेलं ११२ वर. गाडीत काहीही बिघडलेलं नाही, ती लगुनालाही एवढीच कमकुवत होती. त्यामुळे "लगुनाला तर ठीक होती" हा पुरावा धरू नका. आणि नोव्हेंबरमध्ये नवा रेडिएटर टाकून "आता बघ कशी थंड" म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. फरक विचारा.

एका वेळी एकच बदल करा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण शनिवारी रात्री चार गोष्टी बदलून रविवारी ट्रॅकवर येणारे मी दर वेळी बघतो. गाडी थंड झाली तरी कशाने झाली ते त्यांना कळत नाही. मग पुढच्या हिवाळ्यात वजन कमी करताना त्या चारांतली नेमकी कामाची गोष्ट काढली जाते.

हवेची वाट

ढोबळ हिशोब असा. पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुराड्यातून जातो आणि उरलेला पाण्याच्या वाट्याला येतो. हायवेवर शंभरच्या वेगाने जाताना या गाडीला पंधरा किलोवॉटच्या आसपासच लागतात. ट्रॅकवर सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलला ११६ हॉर्सपॉवर, म्हणजे ८६ किलोवॉट. तेवढीच उष्णता पाण्यात, आणि ती लॅपमागून लॅप. हायवेवर हवेच्या वाटेत निम्मी गळती असली तरी खपून जाते. ट्रॅकवर नाही.

हवा जिकडे वाट सोपी तिकडे जाते. रेडिएटरची जाळी ही तिच्या दृष्टीने अवघड वाट. बाजूला दोन बोटांची फट असेल तर ती जाळीतून कशाला जाईल? कारखान्यातून आलेल्या गाडीत तोंडापासून रेडिएटरपर्यंत खालून ट्रे, कडेला प्लास्टिकचे पडदे आणि फोम असतात. तीस वर्षांत फोम चुरा होऊन पडलेला असतो. कडेचे प्लास्टिक कोणीतरी टक्कर दुरुस्त करताना परत बसवलेलं नसतं. आणि ट्रे? तो ऑइल बदलताना दर वेळी आडवा येतो, त्याचे बोल्ट गंजून तुटतात, वजनही असतं, म्हणून हलकी गाडी करताना पहिला बळी त्याचा जातो.

हा ट्रे दोन कामं करतो. तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरच्या खालून निसटू देत नाही, हे एक. दुसरं कमी माहीत असलेलं: गाडीखालून वाहणारी हवा इंजिनच्या कप्प्यात वर घुसू देत नाही. रेडिएटरमधून हवा जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी म्हणून. ट्रे काढलात की पुढचा दाब घटतो आणि मागचा वाढतो, दोन्हीकडून मार. म्हणूनच जाड रेडिएटर इथे फारसा उपयोगी पडत नाही. जाळी जितकी जाड तितकी हवेला ती जास्त अवघड, आणि फटी जर तशाच असतील तर हवा आणखी खुशीत फटीतून जाते.

फटी शोधायची माझी आवडती पद्धत फुकट आहे. रात्री गॅरेजचे दिवे घालवा. रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूने, जोरदार टॉर्च ठेवा. पुढे येऊन गुडघे टेका आणि गाडीच्या तोंडातून आत बघा. जाळीतून येणारा बारीक, गाळलेला उजेड हवाच. पण खालच्या कडेने, दोन्ही बाजूंनी, वर बॉनेटच्या कुलपाच्या पट्टीखालून ज्या लख्ख रेघा दिसतात त्या सगळ्या पळवाटा. मग टॉर्च हळूहळू फिरवा, नव्या रेघा दिसतील. सनीवेलच्या एका मित्राने महागडा रेडिएटर बसवलेला होता, दिसायला देखणा. त्याच्या खालच्या कडेला माझी चार बोटं आडवी गेली. नवा रेडिएटर मूळच्यापेक्षा किंचित आखूड होता आणि फोम कोणी लावलाच नव्हता. दिवे लावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी हवेसाठी बायपास बांधला तर!" त्याने हार्डवेअरच्या दुकानातून पाइपवर चढवायचा काळा फोम आणला, लांबीत चिरून चारही कडांना बसवला, वरून ॲल्युमिनियमची टेप. रेडिएटर तोच ठेवून हवा-पाण्यातला फरक कमी झाला. किती झाला ते गाडीगणिक वेगळं, तुमचं तुम्ही मोजा.

ट्रे मूळचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बनवा. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा चांगला. वजनाचीच फार चिंता असेल तर पन्हळी प्लास्टिकचा. इकडे निवडणूक झाली की अंगणातल्या उमेदवारांच्या पाट्या लोक टाकून देतात, त्या याच प्लास्टिकच्या असतात. विचारून घ्या आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, एवढंच पथ्य. तोंडाच्या खालच्या ओठापासून क्रॉसमेंबरपर्यंत (इंजिनखालच्या आडव्या तुळईपर्यंत) सलग गेला पाहिजे. मध्येच संपवलेला ट्रे म्हणजे हवेला उघडं दार. ऑइलच्या नटाखाली झाकणाची खिडकी ठेवलीत तर पुढच्या ऑइल बदलाला तो परत कोपऱ्यात जाणार नाही.

तोंडात काय काय भरलंय तेही बघा. नंबरप्लेट तोंडावर आडवी असेल तर ट्रॅकच्या दिवशी काढा. ऑइल कूलर रेडिएटरच्या थेट पुढे टांगलेला असेल तर रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. त्याला बाजूला स्वतःची वेगळी वाट द्या. आणि जाळीचे पत्रे: समोरच्या गाडीच्या टायरचे रबराचे कण, गवत, किडे, खड्यांनी मुडपलेले पत्रे. नळाच्या पाण्याने मागून पुढे हलक्या हाताने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे लोळतात.

आत आलेली हवा बाहेरही पडायला हवी. बॉनेटला भोकं पाडायची असतील तर रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात पाडा. तिथे वरून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलायची युक्ती फार लोकप्रिय आहे. दिसते झकास, काम उलटं करते. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येते. उभ्या गाडीतून वाफ निघताना दिसते म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पटत नसेल तर बॉनेटच्या मागच्या फटीवर लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवा, फोनचा कॅमेरा लावा आणि हायवेला एक चक्कर मारून या. धागे कुठे वळतात ते बघा.

हीटर काढलात का?

आता पाण्याची वाट. हे इंजिन माझदाच्या ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसायचं, पंपाकडून पाणी एका टोकाने ब्लॉकमध्ये शिरायचं आणि हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, म्हणजे चारही सिलिंडरना सारखं. मियाटात तेच इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलं, मागचं टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागलं आणि मोठी नळी न्यायला तिथे जागा उरली नाही. मग थर्मोस्टॅट आणि बाहेर पडायची वाट पुढे आणली. पंपही पुढे, वाटही पुढे. मागच्या चौथ्या सिलिंडरला पाणी मिळतं ते नळाच्या लाइनीत शेवटच्या घराला मिळतं तेवढंच.

मागून पाणी ओढणारी एकच वाट उरते, ती म्हणजे हीटरची. हेडच्या मागून निघून हीटरमधून फिरून ते पंपाकडे परत जातं. आता वजन वाचवायला हीटर काढला आणि हेडच्या मागच्या तोटीवर रबरी टोपी घालून क्लिप आवळली, की तीही वाट बंद. चौथा सिलिंडर कोंडला. बरं, तापमानाचा सेन्सरही हेडच्या मागेच आहे, त्यामुळे तिथल्या साचलेल्या पाण्याचे आकडेही विचित्र येतात.

टोपी घालू नका. हीटर काढायचाच असेल तर मागची तोटी आणि परतीची नळी एकमेकांना नळीने जोडा. यात एक तोटा आहे: हे पाणी रेडिएटरला न भेटता गरमच परत पंपाकडे येतं. म्हणून त्या नळीत छोट्या भोकाची चकती घालतात, म्हणजे वाट सुरू राहते पण पाणी मर्यादेत जातं. मला विचाराल तर हीटर राहू द्या. त्याचं वजन फार नाही, आणि थंडरहिलला सुई चढली की काचा खाली करून हीटर पूर्ण चालू करता येतो. पाय भाजतात, हेड वाचतं. पावसाळी सकाळी काच पुसायलाही तोच लागतो.

यावरचा पक्का उपाय म्हणजे पाण्याची वाट बदलणं: थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेणं, तिथून लांब नळी रेडिएटरकडे आणि पुढची मूळ तोंडं बंद. पाणी पुढून शिरतं, चारही सिलिंडरवरून जातं, मागून निघतं. तयार किट मिळतात. फायरवॉल आणि कॉइलच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हात घालून ते बसवताना तुमच्या तोंडून जे निघेल ते घरच्यांना ऐकू देऊ नका. २००१ पासूनच्या १.८ इंजिनाच्या हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलमध्ये) पाण्याच्या भोकांची मांडणी बदलून मागे जास्त पाणी ढकललं, तेव्हा कारखान्यालाही हे दुखणं माहीत होतं. टर्बो लावणार असाल किंवा तासन्‌तासांच्या एन्ड्युरन्सला उतरणार असाल तर हा बदल कराच. साध्या १.६ ला वीस मिनिटांच्या सेशनसाठी मी आधी फटी बुजवेन, ट्रे लावेन, आणि तरीही फरक खाली आला नाही तरच याला हात घालेन. या मताशी भांडणारे पुष्कळ आहेत. गेज कुठे बसवलाय ते त्यांना आधी विचारा. वरच्या नळीतला गेज चौथ्या सिलिंडरबद्दल काहीच सांगत नाही.

बाकीचं पटापट

रेडिएटरचं झाकण बदला. या गाडीला ०.९ बारचं लागतं. त्या दाबाला साधं पाणी साधारण ११८ अंशांना उकळतं, झाकण ढिलं असेल तर शंभरच्या जरा वरच. बाटली भरते पण गाडी थंड झाल्यावर पाणी परत ओढलं जात नाही, तर बहुधा झाकणाची उलटी झडप गेलेली असते.

मूळचा रेडिएटर असेल तर वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. काळी असेल तर ठीक. तपकिरी, शेवाळी झाली असेल तर ती फुटायच्या बेतात आहे. तो मात्र आजच बदला.

थर्मोस्टॅट काढून टाकणं किंवा ७१-८२ अंशांचा बसवणं हा उपाय नाही. कमी अंशांचा थर्मोस्टॅट लवकर उघडतो एवढंच. पूर्ण उघडल्यावर दोघेही सारखेच, रेडिएटरची ताकद वाढत नाही. सुरुवात खालून होते म्हणून एक-दोन लॅप जास्त मिळतात आणि लोकांना तो गुण आल्यासारखा वाटतो.

ग्लायकॉलपेक्षा (कूलंटमधल्या गोठण रोखणाऱ्या द्रवापेक्षा) साधं पाणी उष्णता चांगली वाहतं. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज रोखणारं औषध आणि पृष्ठताण कमी करणारं द्रव, एवढं उन्हाळ्यात ट्रॅकसाठी पुरतं. औषधाशिवाय नुसतं पाणी घालू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे. पुष्कळ आयोजक ग्लायकॉलला मनाईच करतात, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि सगळ्यांचं सेशन लाल झेंड्यात जातं. त्याच गाडीने हिवाळ्यात टाहोच्या बर्फात जायचं असेल तर आधी बदलायला विसरू नका.

पाणी बदललं की हवा काढा. पुढचा भाग जॅकवर उचला म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच होईल, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत नळ्या दाबत पाणी घालत राहा. घाई केली की आतला बुडबुडा ट्रॅकवरच बाहेर येतो.

हेड गॅस्केटची शंका कधी घ्यायची

निरोगी पण कमकुवत गाडी दोन-तीन लॅपमध्ये एका आकड्यावर जाऊन थांबते, मग तो आकडा १०८ का असेना. न थांबता चढतच राहिली आणि गेलेल्या पाण्याची कुठे गळती दिसत नसेल, तर गॅस्केट बघायची वेळ आली. सकाळी पूर्ण थंड इंजिन चालू करा आणि मिनिटभरात वरची नळी दाबून बघा. पाणी अजून कोमटही नाही आणि नळी टणक झाली, तर दाब सिलिंडरमधून येतोय. खात्री करायला रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी मिळते. ज्वलनाचा वायू लागला की निळं पिवळं होतं. पिवळं झालं तर नव्या गॅस्केटसोबत हेड सपाट आहे का तेही मोजून घ्या. तापलेलं ॲल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेल्या हेडवर घातलेलं गॅस्केट महिनाभराचं पाहुणं. हेड उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही बदला. तो फिरतो अल्टरनेटरच्या पट्ट्यावर, पण काढायला टायमिंग बेल्ट सोडावाच लागतो, आणि तो आता सुटलेलाच आहे.

ट्रॅकवर असताना

दुसऱ्या गाडीच्या शेपटाला लागून जाऊ नका, निदान सरळ पट्ट्यात. तिच्या मागे तुम्हाला मिळते ती ढवळलेली गरम हवा. अर्धी गाडी बाजूला काढलीत तरी तोंडाला स्वच्छ हवा लागते. आकडा १०५ ला गेला तर एक गिअर वर टाकून ५५०० च्या आत चालवा. लॅप टाइममध्ये वाटतं तेवढं नुकसान होत नाही, थंडरहिलच्या पाचव्या वळणाचा चढ सोडला तर. शेवटची लॅप नेहमी थंड करायची. पिटमध्ये आल्यावर लगेच चावी फिरवून बंद करू नका, पाणी फिरायचं थांबलं की हेडमधली उष्णता आहे तिथेच पाण्यात उतरते. बॉनेट उघडा, पंखा चालू असू द्या, मिनिट-दोन मिनिटं इंजिन फिरू द्या. आणि रेडिएटरचं झाकण हाताला थंड लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मदतीला धावून आलेल्या कोणालाही लावू द्यायचा नाही.

पाणी ९८ ला स्थिर झाल्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं की ऑइल १३० च्या पुढे गेलंय. पाणी तापत असताना पाय आपोआप हलका होत होता, आता सगळं सेशन पूर्ण ताकदीने चालतं, म्हणून ऑइलचं दुखणं वर येतं. थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसवायची चकती, तिथून कूलरच्या नळ्या निघतात) आणि छोटा कूलर लावा. कूलरला रेडिएटरच्या बाजूने, चाकाच्या पुढच्या पोकळीत स्वतःची हवा आणि बाहेर पडायची वाट द्या. तिथेही कडा फोमने बुजवायच्याच आहेत. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत ऑइल प्रेशरची सुई खरी आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. १९९५ पासूनची सुई म्हणजे नुसता स्विच: दाब थोडासा असला तरी ती मध्ये उभी राहते, तिथे वेगळा गेज लावल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका.